रस्त्यातून निघालेला माल रस्त्यातच जावा: नागपूरच्या मलब्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात कुठं रस्त्याचं काम निघालं की मला फोन येतात. मी स्थापत्य अभियंता आहे. डांबरी आणि सिमेंट अशा दोन्ही रस्त्यांच्या कामांवर वीसेक वर्षं काढली. त्यामुळे ओळखीचे लोक, शेजारच्या ले-आउटमधले रहिवासी, कॉलेजची मुलं सगळे एकच विचारतात: "हे खरडून, फोडून टिप्परमध्ये भरून नेतात, ते जातं कुठं?" त्याला लागून आणखी दहा प्रश्न येतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

रस्त्याच्या देखभालीतून नेमकं काय काय निघतं?

डांबरी थर मशीनने खरडला की काळा चुरा निघतो. साइटवर त्याला नुसतं 'मिलिंग' म्हणतात. सिमेंट रस्ता फोडला की काँक्रीटचे तुकडे निघतात. पाइपलाइन, केबल किंवा गडर लाईनसाठी (सांडपाण्याच्या वाहिनीसाठी) खोदलं की माती, मुरूम आणि खालच्या थराची गिट्टी वर येते. त्याशिवाय उखडलेले गट्टू (पेव्हर ब्लॉक), कर्ब स्टोन, डिव्हायडरचे तुकडे, नालीचा गाळ, झाडलोटीची धूळ, छाटलेल्या फांद्या, वाकलेले फलक आणि रेलिंग.

लोखंड आणि अॅल्युमिनियमला भंगारवाला लगेच मिळतो, त्याची चिंता नको. वजनात सगळ्यात भारी पडतो तो डांबरी चुरा आणि काँक्रीट. म्हणून या पानावर त्या दोघांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

हा माल भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डला गेला तर बिघडलं काय? तो काही सडत नाही.

सडत नाही हीच तर अडचण. ओला कचरा कुजून बसतो, आकसतो. काँक्रीट आणि डांबर जेवढी जागा घेतात तेवढी कायमची घेतात. भांडेवाडीच्या आसपास राहणाऱ्यांनी उन्हाळ्यातल्या आगी आणि धूर वर्षानुवर्षं सोसला आहे. तिथले जुने ढीग बायोमायनिंग करून (जुना कचरा उकरून, चाळून वेगळा करून) उपसण्यावर पैसा आणि वर्षं गेली. एकीकडे उपसायचं आणि दुसरीकडे निर्जीव मलबा आणून ओतायचा, हे मला पटत नाही.

आकडा किती मोठा होतो ते एकदा करून बघा. रस्ता १ किलोमीटर लांब, ७ मीटर रुंद, आणि वरचा ४० मिलिमीटर थर खरडला. घनफळ झालं २८० घनमीटर. दाबलेल्या डांबरी थराचं वजन घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन धरतात. म्हणजे जवळपास ६५० टन. एका टिप्परमध्ये १६ टन धरले तर चाळीस खेपा. या ६५० टनांत ५ टक्क्यांच्या हिशेबाने तीसेक टन डांबर आहे आणि उरलेली सगळी उत्तम काळी गिट्टी. हे फक्त एका किलोमीटरचं झालं.

डम्पिंग यार्डवर रोजच्या कचऱ्यावर पसरायला थोडी माती-मुरूम लागते, हे खरं. पण त्यासाठी खोदकामाची माती आहे. पैसे देऊन फोडलेली, धुतलेली, डांबरात घोळलेली गिट्टी त्यासाठी वापरणं म्हणजे दाणे जनावरांपुढे टाकून कडबा घरात ठेवण्यासारखं आहे.

जुनं डांबर म्हणजे मेलेलं डांबर ना? त्यात काय उरतं?

मेलेलं नाही, म्हातारं झालेलं.

आधी शब्दाबद्दल. आपण ज्याला डांबर म्हणतो ते आज पेट्रोलियम शुद्धीकरणातून येणारं बिटुमेन आहे. दगडी कोळशापासून निघणारं कोलटार वेगळं आणि ते तब्येतीला घातक. दोन्हीला मराठीत एकच नाव पडल्यामुळे लोक उगाच घाबरतात.

रस्त्यावर पडल्यावर ऊन आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे बिटुमेनमधले हलके घटक कमी होतात आणि ते कडक होतं. मे महिन्यात मिलिंगचा एक ढेकूळ हातात घेऊन बघा. सकाळी सहा वाजता हातोडीने मारला तर टणकन फुटतो आणि आत गिट्टीचं राखाडी पोट दिसतं. तोच ढेकूळ दुपारी तीन वाजेपर्यंत उन्हात ठेवला तर अंगठ्याने कडा दबते, बोटाला काळं लागतं, वास येतो. जे बोटाला लागतं ते बाइंडर, म्हणजे गिट्टीला धरून ठेवणारं डांबर, अजून काम करू शकतं. प्रयोगशाळेत हेच नीट मोजतात: नमुना विद्रावकात धुवून डांबर वेगळं काढायचं, ते किती टक्के आहे आणि किती कडक झालंय ते तपासायचं, मग उरलेल्या गिट्टीची चाळणी लावायची. हे आकडे हातात असल्याशिवाय पुनर्वापराच्या गप्पा मारू नयेत.

मग हा माल पुन्हा रस्त्यात घालतात कसा?

तीन-चार वाटा आहेत, आणि त्यांची उतरंड कळली पाहिजे.

सगळ्यात चांगली वाट म्हणजे हॉटमिक्स प्लांटमध्ये (गिट्टी आणि डांबर तापवून मिसळतात तिथं) नव्या मालात मिसळणे. मिलिंग आधी चाळतात आणि बारीक-जाड असे दोन ढीग करतात. बारीक ढिगात डांबराचं प्रमाण जास्त निघतं, कारण बारीक कणांचा एकूण पृष्ठभाग मोठा. हा जुना माल सरळ ज्वाळेसमोर गेला तर डांबर जळतं आणि निळा धूर निघतो. म्हणून बॅच प्लांटमध्ये (एका वेळी एक घाणा काढणाऱ्या) नवी गिट्टी नेहमीपेक्षा जास्त तापवून तिच्या उष्णतेने जुना माल गरम करतात, आणि ड्रम प्लांटमध्ये (फिरत्या ड्रममधून सलग माल काढणाऱ्या) तो ज्वाळेच्या पुढे, ड्रमच्या मधल्या भागातून आत घेतात. जुन्या डांबराचा कडकपणा भरून काढायला एक तर जरा मऊ ग्रेडचं नवं डांबर वापरतात किंवा रिज्युव्हेनेटर घालतात. रिज्युव्हेनेटर म्हणजे कडक बाइंडरला पुन्हा लवचीक करणारं तेलासारखं द्रव्य.

दुसरी वाट थंड मिश्रणाची. इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) किंवा फोम बिटुमेन (फेसाळलेलं डांबर) वापरतात. फोममध्ये १६० अंशांच्या वर तापलेल्या डांबरात दोन-तीन टक्के पाणी सोडलं की ते दुधासारखं फसफसून वर येतं, त्या फेसामुळे ते गार गिट्टीतही मिसळतं. इंधन कमी लागतं. पायाच्या थरांसाठी हे उत्तम.

तिसरी, रस्ता जागेवरच खोलवर फोडून त्यात सिमेंट किंवा इतर स्थिरक (थर घट्ट बांधणारं द्रव्य) मिसळून तिथंच दाबणे. याला फुल डेप्थ रिक्लेमेशन म्हणतात. उत्तर प्रदेशात प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत याची मोठी कामं झाली. टिप्परच्या खेपा जवळपास संपतात.

आणि शेवटची वाट म्हणजे नुसता भराव. साइडपट्टीला, खड्ड्याला. हा पुनर्वापर म्हणवतो, पण त्यात ३० टन डांबराची किंमत मुरुमाएवढी होते. वरच्या तीन वाटा बंद असतील तरच ही धरावी.

किती टक्के जुना माल चालतो?

प्लांटवर अवलंबून आहे. साध्या बॅच प्लांटमध्ये १० ते १५ टक्क्यांच्या पुढे गेलं की माल गरम होत नाही. जुना माल वेगळा तापवायची सोय असेल तर ३० टक्के आणि त्याच्याही वर जाता येतं. "आम्ही शंभर टक्के जुना वापरतो" असं कुणी हॉटमिक्सबद्दल म्हणालं तर डिझाइनचा कागद मागा.

नागपूरच्या उन्हात असा रस्ता टिकेल का?

हा प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा पुष्कळ जास्त तापतो. अशा वेळी मऊ डांबर दबतं, सिग्नलजवळ ट्रक-बस थांबतात तिथं चाकोऱ्या पडतात. जुनं डांबर कडक असल्यामुळे चाकोऱ्यांच्या बाबतीत उलट मदतच करतं. त्याचा धोका वेगळा आहे: फार कडक मिश्रण थकतं आणि त्याला मगरीच्या कातडीसारख्या भेगा पडतात. म्हणून प्रमाण आणि मऊ करणारं द्रव्य यांचा मेळ बसवावा लागतो. मेळ बसला तर नव्या मालाच्या रस्त्यात आणि यात फरक करता येत नाही. अमेरिकेत खरडलेलं डांबरी साहित्य जवळजवळ सगळं पुन्हा वापरात जातं, आणि तिथले रस्ते काही महिन्यात उखडत नाहीत.

टिकण्याच्या प्रश्नात मला पाण्याची भीती जास्त वाटते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. नाली तुंबली, कडेला पाणी साचलं की वर नवा माल असो की जुना, रस्ता खालून जातो.

नागपुरात तर सगळीकडे सिमेंट रस्ते झाले. डांबराची चर्चा आता कशाला?

मुख्य रस्ते झाले. पण गल्ल्या, जुन्या वस्त्या, रिंग रोडच्या बाहेरचे ले-आउट, जिल्ह्याचे रस्ते यांत डांबर भरपूर आहे आणि दर काही वर्षांनी त्यांचा वरचा थर बदलावा लागतो.

दुसरं कारण तुमच्या दाराशी आहे. जुना थर न खरडता त्यावर नवा थर, त्यावर आणखी एक, असं करत गेलं की रस्ता वर आणि घरं खाली जातात. सिमेंट रस्त्यांच्या बाबतीत ही तक्रार नागपुरातल्या कितीतरी वस्त्यांमध्ये ऐकली आहे: साध्या पावसातही रस्त्याचं पाणी अंगणात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराशी याची गल्लत करू नका, त्या रात्री काही तासांत कोसळलेला पाऊस, अंबाझरी तलावाचा ओव्हरफ्लो आणि नाग नदीची न मावणारी वाट ही कारणं होती. पण दर पावसाळ्यात उंबरठ्यावर वाळूची पोती लावणाऱ्या माणसाचं दुखणं बहुतेक वेळा रस्त्याच्या उंचीत असतं. आधी जेवढं खरडाल तेवढंच वर घाला, तर पातळी राहते. आणि खरडलंत की माल हातात येतो. मलबा वाचवणं आणि घरात पाणी न शिरणं या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत.

फोडलेल्या सिमेंट रस्त्याचं काय करता येतं?

पुष्कळ. जॉ क्रशरमध्ये फोडायचं, चुंबकाने लोखंड ओढून घ्यायचं, चाळायचं. जी गिट्टी मिळते तिच्या अंगाला जुनं सिमेंट चिकटलेलं असतं, त्यामुळे ती नव्या काळ्या गिट्टीपेक्षा पाणी जास्त पिते. मिश्रण करताना हे धरलं नाही तर काँक्रीट कोरडं पडतं आणि मिस्त्री वरून पाणी मारतो, मग ताकद जाते. आधी भिजवून घेतली तर हा त्रास होत नाही.

भारतीय मानक आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत याला परवानगी आहे: साध्या काँक्रीटमध्ये जाड गिट्टीच्या २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम-२५ पर्यंतच्या ग्रेडला (आकडा मोठा तेवढं काँक्रीट ताकदीचं) २० टक्क्यांपर्यंत, आणि एम-१५ पेक्षा खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये १०० टक्के. आता सिमेंट रस्त्याची रचना आठवा. वरच्या पॅनलच्या (काँक्रीटच्या लादीच्या) खाली ड्राय लीन काँक्रीटचा थर असतो. म्हणजे जुन्या पॅनलच्या फोडीला नव्या पॅनलखाली सरळ जागा आहे. शिवाय गट्टू, कर्ब स्टोन, नालीवरची झाकणं, खडीकरणाचे थर.

नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या कडेवर वसलं आहे. दगड आपल्याला जवळ मिळतो म्हणून स्वस्त वाटतो. ज्या गावाच्या टेकडीला खाण लागली आणि ज्यांच्या विहिरीजवळ सुरुंग उडतात, त्यांना विचारा तो केवढ्याला पडतो.

एवढं सगळं जमतं, मग अडतं कुठं?

मिसळण्यात. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा: वेगळा ठेवला तर माल, मिसळला तर मलबा.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कामावर आम्ही मिलिंगचा ढीग जपून ठेवला होता. चांगला, एकजात, वरून बघितला तर काळ्या मोहरीसारखा. खालची जागा मुरूम टाकून दाबून घेतलेली. नमुने दिले होते, डांबर साडेचार टक्के निघालं होतं, डिझाइन सुरू होतं. पावसाळा तोंडावर आला आणि नालेसफाई सुरू झाली. एका सकाळी जाऊन बघतो तर ढिगाच्या एका अंगाला नालीचा गाळ ओतलेला. पाउच, चिंध्या, एक चप्पल, ओला काळा चिखल. दुसऱ्या कामाच्या टिप्परवाल्याला रात्री "तो ढीग आहे तिथं टाक" एवढंच सांगितलं होतं. तो बिचारा म्हणाला, "साहेब, मला वाटलं मलबाच आहे." त्याचं चुकलं नाही. तिथं पाटी नव्हती, दोरी नव्हती, चौकीदार नव्हता. ते आमचं काम होतं. दुधात मिठाचा खडा पडावा तसं झालं. दोन दिवस माणसं लावून वरचा गाळ काढला, पण रात्री पाऊस झाला आणि पाणी घाण घेऊन आत मुरलं. शेवटी अख्खा ढीग भरावात गेला. तेव्हापासून मी कुठल्याही साइटवर आधी पाटी लावतो, नंतर ढीग करतो.

वेगळं ठेवण्याची पथ्यं साधी आहेत. डांबरी थर खरडताना खालचा मुरूम घेऊ नका, मशीनची खोली आधी दोन ठिकाणी छोटे खड्डे घेऊन ठरवा. खोदकामात आधी वरचं काँक्रीट उचलून वेगळ्या टिप्परमध्ये, मग माती. ढीग फार उंच नको, त्यावर लोडर चढवू नका, नाहीतर उन्हात माल दबून पुन्हा रस्ताच तयार होतो आणि ब्रेकर लावावा लागतो. पावसाआधी वर पत्र्याचं शेड घाला. ताडपत्री सरळ ढिगावर घातली तर खाली घाम धरतो आणि ओलावा अडकतो. ओलावा म्हणजे इंधन: ढिगातलं पाणी उडवायला प्लांटमध्ये डिझेल किंवा फर्नेस ऑइल जळतं, आणि मग पुनर्वापरातली बचत धुरात जाते.

हा माल कुणाच्या मालकीचा?

रस्ता ज्याचा त्याचा. नागपुरात एकाच चौकात चार मालक भेटू शकतात: महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. निविदेत मात्र पुष्कळदा एवढंच लिहिलेलं असतं की निघालेला माल कंत्राटदाराने साइटवरून हटवावा. कुठं हटवावा, किती वजन झालं, त्याची किंमत कुठं जमा झाली, यावर ओळ नसते. मग जो मोकळा प्लॉट जवळ दिसतो तो भरतो.

माझं मत स्पष्ट आहे. खरडलेल्या मालाचं काट्यावर वजन व्हावं, ते मोजमाप पुस्तकात चढावं, आणि त्याची किंमत बिलातून वजा व्हावी किंवा तेवढा माल नव्या मिश्रणात वापरल्याचा दाखला जोडावा. ज्या दिवशी चुऱ्याला दर लागेल त्या दिवशी तो मोकळ्या प्लॉटवर पडणार नाही. कंत्राटदाराला यात नुकसान नाही, उलट नव्या डांबराची आणि गिट्टीची खरेदी कमी होते. पण हे निविदेत आधीपासून असावं लागतं, काम सुरू झाल्यावर नुसत्या सद्भावनेवर होत नाही.

यासाठी नियम आहेत का?

आहेत, आणि बरेच आहेत. रस्त्यांच्या नियमांशी नागपूरचं नातं जुनं आहे. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्ते समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींमधून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस (रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, म्हणजेच आयआरसी) उभी राहिली, आणि १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले तेव्हा राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही वर्गवारी ठरली. स्थापत्यच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'नागपूर प्लॅन' पाठ असतो.

त्याच इंडियन रोड्स काँग्रेसने २०१५ मध्ये आयआरसी:१२० काढलं, डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापराबद्दल. २०१७ मध्ये आयआरसी:१२१, बांधकाम-पाडकामाचा मलबा रस्त्यात वापरण्याबद्दल. केंद्राचे बांधकाम व पाडकाम कचरा नियम २९ मार्च २०१६ चे. त्यात दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून जास्त मलबा करणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असे चार भाग वेगळे ठेवायचे होते, आणि सरकारी व पालिकेच्या कामांत १० ते २० टक्के माल अशा मलब्यापासून बनवलेला घ्यावा असंही होतं. त्यांची जागा घेणारे २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू होण्यासाठी काढले गेले, त्यात मलबा निर्माण करणाऱ्यावरची जबाबदारी वाढवली आहे.

म्हणून "नियमात बसत नाही" असं कुणी साइटवर म्हणालं तर त्याला वरचे आयआरसीचे दोन क्रमांक सांगा.

नालीचा गाळ आणि झाडलोटीची धूळ रस्त्यात चालते का?

वरच्या थरात नाही. त्यात प्लास्टिक, कुजलेलं, गाड्यांचं तेल, टायरची आणि ब्रेकची भुकटी सगळं असतं. आधी वाळवून चाळला तर रेतीचा भाग निघतो आणि तपासणीत स्वच्छ आला तर पाइपभोवतीच्या भरावाला वापरता येतो. न तपासता शेतात किंवा बागेत टाकू नका. आणि नालीच्या काठावरच ढीग करून ठेवणं बंद झालं पाहिजे, पहिल्या पावसात तो परत नालीतच जातो.

प्लास्टिकचे रस्ते करून हा प्रश्न सुटत नाही का?

तो वेगळा प्रश्न आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या गिट्टीवर प्लास्टिकचा बारीक कीस टाकून वरून डांबर घालायची पद्धत दिली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. साधारण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के प्लास्टिक लागतं. पिशव्या, पाउच चालतात, पीव्हीसी अजिबात नाही, कारण तापल्यावर त्यातून क्लोरीनचे विषारी वायू निघतात. २०१५ मध्ये केंद्राने पाच लाखांहून मोठ्या शहरांच्या ५० किलोमीटर परिसरातल्या महामार्गांसाठी याची सक्तीही केली.

मला ही पद्धत मान्य आहे, एका अटीवर: कुठल्या रस्त्यात प्लास्टिक घातलं आहे त्याची नोंद हवी. दहा वर्षांनी तो थर खरडला जाईल आणि मिलिंगच्या ढिगात येईल, तेव्हा प्लांट चालवणाऱ्याला ते माहीत असलं पाहिजे.

मनसरजवळचा बायो-बिटुमेनचा रस्ता याच प्रकारातला का?

नाही, पण शेजारचा आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर मनसर इथं डिसेंबर २०२४ मध्ये नितीन गडकरींनी देशातल्या पहिल्या बायो-बिटुमेनच्या महामार्ग पट्ट्याचं उद्घाटन केलं. शेतीतल्या काडी-कचऱ्यातून मिळणाऱ्या लिग्निनपासून बनवलेलं बाइंडर डांबराच्या काही भागाऐवजी वापरलं आहे. त्याने नव्या डांबराची आयात कमी होईल. आधीच रस्त्यात पडून असलेल्या डांबराला ते पर्याय नाही, दोन्ही हवंय.

कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांची राख?

औष्णिक केंद्रांच्या ३०० किलोमीटरच्या आत रस्त्याच्या भरावात राख वापरण्याबद्दल २०१६ पासून अधिसूचना आहे. नागपूर तर उंबरठ्यावर आहे. भरावासाठी राख वापरली की मिलिंग भरावात घालायचं कारणच उरत नाही.

आमच्या ले-आउटचा रस्ता कच्चा आहे. मिलिंगचा माल टाकून मिळेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि चिखलातून मुलांना शाळेत सोडणाऱ्या आई-वडिलांकडून येतो. मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो. आधी म्हटलं तसं हॉटमिक्समध्ये गेलेला माल सगळ्यात मोलाचा, पण चाळून उरलेला किंवा थोडा मुरूम मिसळलेला माल अशा रस्त्यावर फार छान बसतो. मुरुमासारखा वाहून जात नाही आणि धूळ उडत नाही.

तो नीट कसा टाकतात ते सांगतो. आधी रस्त्याला मधून दोन्ही बाजूंना उतार द्यायचा आणि कडेला नाली काढायची. हे नसेल तर पुढचं सगळं वाया. मग १०० मिलिमीटरच्या आसपास थर पसरायचा, ढेकळं फोडायची, हलकं पाणी मारायचं आणि भर दुपारी रोलर फिरवायचा. एप्रिल-मेची दुपार यासाठी उत्तम, ऊनच माल जोडून देतं. जमलं तर वर इमल्शनचा फवारा. जूनच्या पावसात टाकलेला माल कधी बसत नाही, तो चिखलात रुततो.

मागणी अर्ज करूनच करा, झोन कार्यालयात, रहिवाशांच्या सह्यांसह, रस्त्याची लांबी-रुंदी लिहून. टिप्परवाल्याशी परस्पर सौदा करू नका. कुठून आलेला माल आहे हे कळत नाही, आणि त्यात गाळ निघाला तर तो तुमच्या दारात राहतो.

घरच्या दुरुस्तीचा मलबा रस्त्याच्या ढिगावर टाकला तर चालेल का?

नाही. टाइल्स, गिलावा, पीओपी, लाकूड यांनी अख्खा ढीग निकामी होतो. पालिकेच्या झोनला कळवून उचलून न्यायला सांगा, शुल्क असेल तर भरा.

उद्या आमच्या गल्लीत मिलिंग सुरू होणार आहे. मी काय बघू?

तुम्ही अभियंता नसलात तरी पुष्कळ बघू शकता.

मशीन सुरू व्हायच्या आधी रस्त्यावरचा कचरा, माती, पडलेल्या फांद्या झाडून घेतल्या का ते बघा. मशीनचा पट्टा सरळ टिप्परमध्ये माल सोडतो. त्या टिप्परच्या तळाला आधीच्या खेपेची माती शिल्लक आहे का ते बघा, फळकुटाने टिप्पर वाजवला तरी कळतं. निघणारा माल काळा आहे तोवर ठीक. त्यात पिवळट-तांबूस रंग दिसायला लागला की मशीन खाली मुरुमात गेलं आहे, ऑपरेटरला थांबवून सांगा. "भाऊ, जरा बघा, मुरूम येऊन राहिला" एवढं म्हटलं तरी तो मशीन वर घेतो. ही माणसं कामात हुशार असतात, त्यांना कुणी विचारत नाही एवढंच.

टिप्पर कुठं जातोय ते विचारा आणि नंबर लिहून ठेवा. पर्यवेक्षकाकडे ढिगाच्या जागेचं नाव असलं पाहिजे. "बाहेर कुठंतरी" हे उत्तर नाही. चेंबरची झाकणं उघडी पडली असतील तर त्यात चुरा गेला नाही ना ते बघा, नाहीतर पावसाळ्यात गडर लाईन तुंबते.

आणि आज संध्याकाळीच एक काम करून ठेवा. टेप घेऊन रस्त्यापासून तुमच्या दारासमोरच्या पायरीच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मोजा, भिंतीवर पेन्सिलीने लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. नवा थर पडून रोलर फिरल्यावर परत तिथंच मोजा. उंची कमी भरली तर त्याच दिवशी, रस्ता गरम असतानाच, पर्यवेक्षकाला पेन्सिलीची खूण दाखवा.